पहिली चकमकी बंदूक: फाउलरची प्रतिकृती निवडणं आणि तिचं फिनिशिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी फाउलरची, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेल्या लांब नळीच्या चकमकी बंदुकीची, न उडणारी प्रतिकृती घ्यायची आहे. कोथरूडच्या घरात ती भिंतीवर लागणार आहे. दस्त्यावरचं चकचकीत वार्निश काढून जुन्या पद्धतीने तेल द्यायचं आहे आणि नळीला तपकिरी रंग आणायचा आहे. सुतारकामाची सवय आहे, पण बंदुकीचं काम पहिलंच. कोणती घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी?

नळीचा आकार आणि मुठीतल्या लाकडाचे रेषे या दोन गोष्टी बरोबर असलेली प्रतिकृती घ्या. बाकी सगळं ओबडधोबड असलं तरी चालेल. भडक पॉलिश, जाडजूड दस्ता, कुरूप स्क्रू, आरशासारखं घासलेलं लोखंड हे सगळं घरच्या बाकावर सुधारता येतं. जाड नळी आणि मुठीत आडवे गेलेले रेषे मात्र कोणालाच सुधारता येत नाहीत.

त्याआधी कायदा, कारण यावरून खरेदीच बदलते. शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे ठासणीची बंदूकही अग्निशस्त्रच आहे. जुन्या धाटणीची म्हणून ती परवान्यातून सुटत नाही. कोकणात पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका असतात, त्याही परवान्यावरच. कलम 45 मध्ये सूट आहे ती जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला, आणि तीही ते दुरुस्त करूनसुद्धा अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसेल तरच. ‘दुरुस्त करूनसुद्धा’ हे शब्द नीट वाचा. नळीला रंजकाचं छिद्र, म्हणजे ठिणगी आतल्या दारूपर्यंत नेणारं भोक, पाडलेलं नाही एवढ्याने भागेल असं धरून चालू नका, कारण छिद्र कुणीही पाडू शकतो. नळी भरीव असावी, किंवा बुडाशी आतून पोलादी गुल्ली वेल्ड करून ती कायमची बंद केलेली असावी. शस्त्र नियम, 2016 मध्ये प्रतिकृतींचाही विचार केलेला आहे. म्हणून पैसे देण्याआधी फोटो आणि विक्रेत्याचं वर्णन घेऊन पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तर बिलाबरोबर जपून ठेवा. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडची आयुक्तालयं वेगळी आहेत. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय. परदेशातल्या नातेवाइकाकडून किट मागवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. त्यातली नळी खरी असते आणि कस्टममध्ये तिला शस्त्र म्हणूनच पाहिलं जातं.

छिद्र पाडून ‘एकदा बार काढून बघू’ हा मोह होतो, म्हणून तेही स्पष्ट सांगतो. शोभेच्या प्रतिकृतीची नळी बहुधा साध्या पाइपाची असते आणि तिचं प्रूफ झालेलं नसतं. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी तपासणं आणि टिकली तर शिक्का मारणं. लंडनमध्ये ही पद्धत 1637 पासून आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 चं. शिक्का नसलेली पाइपाची नळी फुटली की तुकडे डाव्या हाताच्या आणि चेहऱ्याच्या दिशेने जातात. पुढचं सगळं उत्तर न उडणाऱ्या तुकड्याबद्दलच आहे.

निवड

भारतात बनलेल्या चकमकी बंदुकांच्या प्रतिकृती गेली अनेक वर्षं अमेरिका-कॅनडात रंजक-छिद्र न पाडता, शोभेची वस्तू म्हणून जातात. तिकडचे हौशी लोक त्यांचे दस्ते तासून, नळ्या मळवून त्यांना जुन्याच्या जवळ नेतात. तुम्हाला हेच काम इथे बसून करायचं आहे. या प्रतिकृतींचे दोष ठरलेले असतात: लाकूड गरजेपेक्षा जाड, वार्निश जाड, धातू आरशासारखा, फटींमध्ये रंगीत लांबी (पुटी). हे सगळे दोष वाचवण्याजोगे आहेत, कारण जास्तीचं लाकूड काढता येतं. कमी असलेलं घालता येत नाही.

नवख्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे ‘ब्राउन बेस’ या लष्करी मस्केटची प्रतिकृती घेऊन ती तासून फाउलर करायला जाणं. ती सहज मिळते, म्हणून हे होतं. पण मस्केट सैनिकाची आहे: भोक 0.75 इंचाचं, नळीची भिंत जाड, तोंडाशी संगिनीचा खुंट, पट्ट्यासाठी कड्या. लाँग लँड नमुन्याची नळी 46 इंच, शॉर्ट लँडची 42, आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनलेल्या इंडिया पॅटर्नची 39 इंच. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईत कंपनीच्या पलटणींच्या हातात होती ती याच घराण्यातली. तिचा मान मोठा, पण ती फाउलर कधीच दिसणार नाही. फाउलर दिवसभर पाणथळीत हातात धरून चालायची बंदूक असल्यामुळे ती सडपातळ असते. वजन पावणेतीन ते सव्वातीन किलो, नळी 42 ते 46 इंच, बुडाशी अष्टकोनी आणि पुढे गोल, आणि जिथे अष्टकोन संपतो तिथे एक-दोन बारीक कडी वळवलेली. 20 बोअरचं भोक साधारण 0.62 इंच, म्हणजे पावणेसोळा मिलिमीटर.

दुकानात गेलात तर व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. तोंडाशी नळीचा बाहेरचा व्यास 20-21 मिलिमीटरच्या आत असेल तर ती फाउलर होऊ शकते. 23 च्या वर असेल तर सोडून द्या. दस्ता कितीही सुंदर कोरलेला असला तरी पुढचा भाग गुबगुबीतच राहणार, कारण लाकूड नळीला धरून चालतं. बुडाशी 28 ते 30 मिलिमीटर असावेत. बुडाकडून तोंडाकडे नजर लावून पाहा: उतार आधी वेगाने आणि मग मंद होत गेला पाहिजे. सरळसोट पाइप असेल तर ती नळी कुठल्याच काळातली नाही.

मग मूठ, म्हणजे लॉकच्या (घोडा आणि चकमक असलेल्या यंत्रणेच्या) मागे दस्ता अरुंद होतो तो भाग. तिथे रेषे मुठीच्या लांबीने, खाली बटाकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाकडे, झुकत गेलेले हवेत. बाजूने पाहताना रेषे मुठीतून तिरपे आरपार बाहेर पडत असतील तर बंदूक एकदा जमिनीवर पडली की तिथेच दोन तुकडे. वार्निशमुळे रेषे दिसत नसतील तर टॉर्च अगदी आडवा धरून बघा. त्याच वेळी लॉकच्या मागचा कोपरा आणि नळीच्या शेपटीच्या, म्हणजे बुडापासून मागे दस्त्यात बसणाऱ्या लोखंडी पट्टीच्या, मागची जागा तपासा. वाहतुकीत तडे तिथेच जातात आणि लांबी भरून लपवलेलेही तिथेच असतात. लांबीची जागा सपाट, रेषे नसलेली, जरा मातकट दिसते.

लाकूड बहुधा शिसम किंवा सागवान असतं. मूळ इंग्रजी फाउलर अक्रोडाच्या, आणि काश्मीरचा अक्रोड त्याच जातीचा. अक्रोडाचा दस्ता मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी चुकीची नळी पत्करू नका. शिसम तेलाखाली छान तपकिरी दिसतो आणि चार फुटांवरून अक्रोडाची जागा घेतो. सागवानाचे रेषे सरळ आणि रंग पिवळट, त्यामुळे त्याला थोडा रंग द्यावा लागतो.

नमुना निवडायला वाव असेल तर पहिल्यासाठी कोरीव कामाची फाउलर टाळा. फ्रेंच ‘फ्युसी द शास’ किंवा उत्तर अमेरिकेतली ‘नॉर्थवेस्ट ट्रेड गन’ साधी असते: कोरीव काम जवळपास नाही, सरळ रेषा, आणि ट्रेड गनला डाव्या बाजूला पितळी सर्पाकृती पट्टी, जी एकटीच सगळा नूर आणते. इंग्रजीच हवी असेल तर शेपटीभोवती फुलाचं कोरीव काम नसलेली घ्या. यंत्राने उथळ कोरलेलं फूल तासताना अर्धवट उरतं आणि मग ते नीट करायला कोरीव कामच शिकावं लागतं.

आकार डोळ्यांत बसण्यासाठी काम सुरू करण्याआधी राजा केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. तिथली शस्त्रं बहुतेक देशी, पण जुन्या हातांनी लाकूड किती बारीक ठेवलं होतं आणि लाकूड-धातूची सांध कशी मिळवली होती हे काचेआडूनही कळतं. वहीत रेखाटन करा. हातात पेन्सिल असली की डोळा जास्त बघतो.

सुटं करणं

आणल्यावर लगेच हत्यार लावू नका. बंदूक घरात, उन्हापासून दूर, तीन-चार आठवडे उघडी ठेवा. पुण्यात एप्रिलची दुपार अगदी कोरडी आणि जुलैची हवा ओलीचिंब, त्यामुळे लाकडाला इथल्या हवेशी जुळवून घेऊ द्यावं लागतं. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर 10 ते 12 टक्क्यांवर काम सुरू करा. न मुरलेल्या लाकडावर मिळवलेली सांध दोन महिन्यांत उघडते.

सुटं करताना क्रम पाळा. घोडा अर्ध्या चापावर घ्या. लॉकचे डावीकडचे दोन स्क्रू तीन-चार आटे ढिले करून त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हळू ठोका, म्हणजे लॉक आपणहून बाहेर सरकतं. बाहेरून खुपसून उचकटलं तर खाचेच्या कडेची कपची उडते आणि ती जागा कायम नजरेत भरते. मग शेपटीचा स्क्रू, मग नळी धरणाऱ्या आडव्या पिना. प्रत्येक पीन कुठली आणि कुठल्या बाजूने निघाली हे पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून त्यात टोचून ठेवा. शेवटी बंदूक उलटी करून नळी हातात उतरवून घ्या. तोंडाकडून वर उचलली तर पुढचा पातळ दस्ता लगेच चिरतो. स्क्रूड्रायव्हरचं पातं प्रत्येक खाचेला घट्ट बसेल असं घासून घ्या. बाजारचं पाचरीसारखं पातं खाच ओरबाडतं.

लॉकची मुख्य स्प्रिंग काढू नका. तिला दाबून धरणारा शिकंजा नसेल तर ती उडते किंवा मोडते, आणि शोभेच्या तुकड्यात तिला हात लावायची गरजही नाही. रॉकेलने धुवा, कोरडं करा, सांध्यांना थेंबभर मशीन ऑइल द्या, बाजूला ठेवा.

लाकूड

वार्निश बहुधा मेलामाइन किंवा लॅकर असतं. ते पॉलिश पेपरने काढायला जाऊ नका. पेपर वार्निशने भरतो, आणि जोर लावाल तिथे खळगे पडतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं पेंट रिमूव्हर ब्रशने जाड लावा, पंधरा मिनिटं थांबा, बोथट पात्याने रेषांच्या दिशेने खरवडा, दुसरा हात द्या, शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. काम गच्चीत किंवा बाल्कनीत, हातात नायट्राइलचे मोजे घालून. बंद खोलीत त्याच्या वाफा घातक आहेत. तारेचा ब्रश वापरू नका, तुटलेली तार लाकडात रुतून पुढे काळा डाग देते.

आता खरी मेहनत. दस्ता उघडा झाल्यावर त्याचा जाडेपणा जाणवेल. पेन्सिलने दोन्ही बाजूंना सारख्या रेषा मारून मगच तासायला घ्या. पुढच्या भागात लाकूड नळीच्या निम्म्या उंचीपर्यंतच यावं आणि वरच्या काठाशी त्याची जाडी अडीच-तीन मिलिमीटर राहावी. गज, म्हणजे दारू ठासायची काठी, खोबणीत निम्मा बुडलेला आणि निम्मा बाहेर दिसावा. लॉकभोवतीचा सपाट पट्टा बहुतेक प्रतिकृतींमध्ये बोटभर रुंद सोडलेला असतो. तो तीन-चार मिलिमीटरवर आणला की निम्मी बंदूक सुधारते. एवढा एकच बदल करायचा असेल तर हा करा. मूठ गोल ठेवू नका, उभट लंबगोल करा. पुढच्या भागात नळी आणि गजाच्या मध्ये लाकडाचा पडदा असतो, तो तीनेक मिलिमीटरचाच असेल. म्हणून गजाची खोबणी खोल करण्याआधी बारीक तारेने खोली मोजा, नाहीतर थेट नळीच्या घरात निघाल.

आधी लाकडाची कानस, मग स्क्रॅपर, मग पॉलिश पेपर 120, 180, 220. पेपर नेहमी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की कडा विरघळल्यासारख्या गोल होतात, आणि यंत्रातून निघालेल्या प्रतिकृतीची सगळ्यात मोठी खूण हीच. बटप्लेट आणि ट्रिगर गार्ड जागेवर बसवूनच त्यांच्या शेजारचं लाकूड कानशीने मिळवा. पितळ आणि लाकूड एकत्र घासलं गेलं तर सांध नखाला लागत नाही. धातू काढून घासलं तर लाकूड खाली जातं आणि बटप्लेटची कड वर राहते. शिसमाची धूळ घशाला आणि त्वचेला त्रास देते, एन-95 मास्क लावा.

एक काम बहुतेकजण वगळतात. नळीच्या खाली जे लग आहेत, ज्यांतून पिना जातात, त्यांची भोकं गोल असतात. ती बारीक कानशीने नळीच्या लांबीच्या दिशेने दोन्हीकडे एक-दीड मिलिमीटर लांबोळी करा. पुण्याच्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत लाकूड हलतं, नळी हलत नाही. गोल भोकात पीन अडकून बसली तर पुढचा दस्ता धनुष्यासारखा वाकतो किंवा पिनेपाशी चिरतो.

220 नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा. रेषे उभे राहतात. वाळल्यावर झिजलेल्या 320 ने ते हलके कापा. हे तीनदा करा. तिसऱ्यांदा ओलं करूनही हाताला खरखर लागली नाही तर लाकूड तयार. हे टाळलं तर तेलाच्या पहिल्या हाताला पृष्ठभाग खरखरीत होतो.

शिसमाला रंग द्यायची गरज नसते. सागवानाला पाण्यात विरघळणारा तपकिरी रंग पातळ करून दोन हात द्या. व्हिनेगरमध्ये लोखंडी लोकर चार दिवस ठेवून तयार होणारं पाणीही वापरतात. लाकडातल्या टॅनिनशी मिळून ते करडं-काळं करतं, पण सगळीकडे सारखं नाही. आधी लॉकच्या खाचेच्या आत, न दिसणाऱ्या जागी लावून बघा.

तेलाआधी शिसमाला चपडी लाखेचा एक पातळ हात आवश्यक आहे. शिसवी वर्गातल्या लाकडात अशी द्रव्यं असतात की जवसाचं तेल त्यांच्यावर आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. लाख त्यांना आतच अडवते. एक लिटर स्पिरिटला साधारण 120 ग्रॅम लाख, गाळून घेतलेली. वाळल्यावर 320 ने इतकी घासा की ती केवळ छिद्रांत उरावी. सागवान तेलकट असतं, त्याला आधी थिनरच्या फडक्याने पुसून तासाभरात पहिला हात द्या.

तेल म्हणजे डबल बॉइल्ड जवसाचं. कच्चं जवस पुण्याच्या पावसाळ्यात वाळतच नाही. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं, अगदी सगळं, कोरड्या सुती फडक्याने पुसून काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताला तेल लावून ओल्यावरच 400 चा वॉटरपेपर चालवा. त्यातून होणारा लगदा रेषांच्या आडवा पुसला की छिद्रं भरतात. पुढचे चार-पाच हात अंगठ्याच्या उबेने चोळलेले, अगदी थेंबाथेंबाने. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हातांत एक दिवस पुरतो, जुलैमध्ये तीन दिवसही कमी पडतात. जाड हात देऊन वेळ वाचत नाही. वरची साय वाळते, आतलं तेल ओलं राहतं आणि उन्हाळ्यात ते सुरकुततं. तसं झालं तर टर्पेंटाइन आणि लोखंडी लोकरीने तो थर उतरवून पुन्हा पातळ हात द्या.

नळीचं घर, लॉकची खाच, बटप्लेटखालचं टोक आणि गजाची खोबणी यांनाही तेल किंवा लाखेचे दोन पातळ हात हवेत. बाहेरून चकाकणारा आणि आतून कोरडा दस्ता पावसात एका बाजूने पाणी पितो आणि पिळवटतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवस वाळताना उष्णता सोडतं आणि फडक्याच्या बोळ्यात ती अडकून फडकं आपणहून पेटतं. दोरीवर एकेकटं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यांनी याबाबतीत अजिबात चालढकल करू नये.

लोखंड आणि पितळ

नळी तपकिरी करण्याआधी विचार करा. अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळात इंग्रजी नळ्या उजळ पांढऱ्या किंवा निळ्या असत. तपकिरी रंगाची चाल शतकाच्या शेवटाकडे पसरली. 1750 च्या आसपासची बंदूक करायची असेल तर उजळ नळी वापराने करडी पडलेली दाखवणं जास्त खरं. 1790 नंतरची असेल तर तपकिरी शोभते.

दोन्हींची तयारी एकच. आरशाची चकाकी 220 ने लांबीच्या दिशेने उतरवा, मग 320. अष्टकोनाच्या कडांना पेपर नको, तिथे सपाट कानस आणि तिच्यावर गुंडाळलेला पेपर, नाहीतर आठ बाजूंची नळी गोल होऊन बसते. आडवे ओरखडे राहिले तर रंगाखाली ते आणखी उठून दिसतात.

करड्यासाठी: नळी डिटर्जंटने आणि मग ॲसिटोनने धुवा, यानंतर बोट लागू देऊ नका. साधं पांढरं व्हिनेगर फडक्याने दर दहा मिनिटांनी पुसत राहा. तासाभरात करडी छटा येते. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, गरम करून, तेल लावा.

तपकिरीसाठी पुण्याचा पावसाळाच उत्तम. हा रंग म्हणजे आटोक्यात ठेवलेला गंज, आणि त्याला दमट, उबदार हवा लागते. एप्रिलमध्ये हेच काम करायचं तर ओल्या टॉवेलांची बंद पेटी करावी लागते. म्हणून लाकूड नोव्हेंबर ते मार्चमध्ये आणि नळी जून-जुलैमध्ये, अशी वाटणी करा. सर्किट बोर्ड कोरण्यासाठीचं फेरिक क्लोराइडचं द्रावण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. एक भाग द्रावण, चार भाग पाणी. आधी लोखंडाच्या तुकड्यावर तपासा. मोजे आणि चष्मा हवाच. तोंडाला लाकडी बूच मारा. फडकं जवळजवळ कोरडं पिळून एकाच लांब फटक्यात लावा, परत फिरवू नका. परत फिरवलं की तिथे चट्टा उठतो. दमट हवेत सहा-आठ तासांत मऊ केशरी गंज येतो. तो जुन्या जीनच्या तुकड्याने झाडा आणि पुन्हा लावा. पाच ते सात फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ठिपके दिसतात, घाबरू नका, चौथ्याला ते मिळून येतात. रात्रभर विसरलात तर गंज खड्डे पाडतो. मग 320 पासून पुन्हा.

थांबवणं महत्त्वाचं, कारण क्लोराइड लोखंडात लपून बसतं. उकळतं पाणी ओता, सोड्याची घट्ट पेस्ट लावून रात्रभर ठेवा, धुवा, गरम करा, गरम असतानाच तेल. पुढचे तीन-चार दिवस थोडा गंज पाझरेल, रोज तेलाच्या फडक्याने पुसा. आठवड्यानंतरही पाझरत असेल तर सोडा पुन्हा.

लॉक तपकिरी करू नका, करडंच ठेवा. स्क्रूची डोकी घासून उजळ करून तापवा. साधारण 300 अंशांना पोलाद निळं होतं, तिथेच तेलात सोडा. घोड्याच्या जबड्यात गारगोटी चामड्यात गुंडाळून बसवा. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतला कॅल्सेडनी त्याच सिलिकाच्या कुळातला आहे. बावीस मिलिमीटर रुंद, पाचरीसारखा तुकडा शोभून दिसतो. पण घोडा पोलादी पानावर उगाच आपटत बसू नका, या लॉकांचे भाग मऊ असतात आणि खाच झिजते.

पितळ 400 आणि 600 ने घासून तसंच सोडा, महिन्या-दोन महिन्यांत ते आपोआप मंद होतं. बसवलेल्या पितळाला पितांबरी किंवा चिंच लावू नका. पावडर सांधीत पांढरी राहते आणि आम्ल शेजारच्या लोखंडाला गंजवतं.

जोडणी आणि ठेवणं

नळीच्या खालच्या बाजूला आणि लॉकच्या आतल्या अंगाला मेण चोळून मगच जोडा. तिथे पुन्हा हात पोचणार नाही. आधी शेपटीचा स्क्रू अर्धा, मग पिना, मग स्क्रू पूर्ण. पीन हातोडीने ठोकावी लागत असेल तर थांबा, भोक कुठेतरी चुकलं आहे. लॉकचे स्क्रू लागतील इतकेच आवळा. जास्त आवळले तर लॉकची पाटी वाकते आणि घोडा अडकतो.

भिंत निवडताना पावसाची झोड लागणारी बाहेरची भिंत टाळा, ओल आतून येते. खुंट्यांना लोकरी फेल्ट लावा. चामडं नको, त्यातल्या आम्लाने आणि ओलाव्याने नळीवर बरोबर त्याच रुंदीचा गंजाचा पट्टा उमटतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं त्याहून वाईट. धातूला मायक्रोक्रिस्टलाइन मेण जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये द्या. दस्त्याला वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, जवसाचे तीन-चार थेंब तळव्यावर घेऊन चोळा आणि अर्ध्या तासाने पुसून काढा.